रंग चुकला तर पंप अडतो

दहिसर पूर्वेच्या मेट्रो स्थानकात नवखा माणूसही रंगावर गाडी धरतो. पिवळी २अ अंधेरी पश्चिमेला, लाल ७ गुंदवलीला. बाहेर पुनर्विकासाच्या फलकांवर ‘स्मार्ट होम’ लिहिलेलं असतं. दिवे, गीझर, टाकीचा पंप, सगळं मोबाइलवर. हे सगळं ज्या फाइलवर चालतं ती मात्र ताबा देताना कुणी दाखवत नाही. दाखवलीच, तर एकरंगी मजकूर. त्यात सूचना कुठली आणि वेळ कुठली, हे शोधत बसा.

फाइलमधला रंग म्हणजे सजावट नव्हे, ती पहिली तपासणी आहे. २०१३ साली पाउलुस स्खाउटेन यांनी सुरू केलेलं ‘होम असिस्टंट’ हे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर घ्या. त्याच्या फाइली यामल (YAML) या मजकुरात सूचना मांडण्याच्या पद्धतीत लिहितात आणि त्या वाचल्या जातात यामलच्या जुन्या, १.१ आवृत्तीच्या नियमांनी. रात्रीच्या पंपाची वेळ २२:३०:०० अशी उघडी लिहिली, तर ती साठाच्या हिशेबातली संख्या ठरते आणि तिचे होतात ८१,०००. मग वेळ म्हणून ती नाकारली जाते. सकाळची ०६:३०:०० मात्र शून्याने सुरू होते, म्हणून मजकूरच राहते आणि बिनतक्रार चालते. एकाच फाइलमध्ये, एकाच पद्धतीने लिहिलेल्या दोन वेळा! इंग्रजीत उघडं लिहिलेलं ‘ऑन’ही तसंच, त्याचं थेट ‘ट्रू’ होतं. उपाय साधा आहे: अवतरणचिन्हं. पण ती द्यायची राहून गेली आहेत हे डोळ्याला दिसायला हवं, आणि ते रंगच दाखवतो.

म्हणून अशा फाइली लिहायच्या एडिटरसाठी रंगांचे नियम लिहिणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं: यामलची नवी आवृत्ती बघून रंगवू नका. २००९च्या १.२ आवृत्तीने ‘ऑन’चा तो अर्थ आणि साठाचा हिशेब दोन्ही काढून टाकले. त्या नियमांनी रंगवलेली फाइल निर्धास्त दिसेल, आणि घर मात्र जुन्याच नियमांनी वाचेल. असा खोटा दिलासा देण्यापेक्षा रंग नसलेला बरा. घर ज्या नियमांनी वाचतं, त्याच नियमांनी रंगवा. २२:३०:०० आणि ०६:३०:०० वेगळ्या रंगांत दिसल्या, की सोसायटीचा इलेक्ट्रिशियनही विचारेल, हे असं का?

आणि बिल्डरांनो, चावीबरोबर ती फाइलही द्या. घर आमचं आहे, तर त्याच्या सूचनाही आम्हाला वाचता आल्या पाहिजेत.