विषय : फोटोत नीट न येण्याबाबत

प्रति,
डोंबारी चंडोल (नर),
मु. पो. माळरान, ता. पाटोदा, जि. बीड.

पत्रास कारण की, तुझ्याबद्दलच्या तक्रारी आता फार झाल्या. जीव केवढा, तर चिमणीहून लहान. बसायचं जमिनीवर, तेही ढेकळाशेजारी ढेकूळ होऊन. त्यामुळे तीन किलोची लेन्स घेऊन आलेल्या माणसाला कुसळात पालथं पडावं लागतं आणि कोपरात सराटे घुसतात. रंगाचा तर तू उलटाच कारभार करून ठेवला आहेस. बहुतेक प्राणी पाठीवर गडद आणि पोटाशी फिके असतात. तुझी पाठ राखाडी आणि पोट काळंकुट्ट. भर उन्हात पाठ पांढरीफेक पडते आणि पोटाचा डांबराचा डाग होतो. हल्लीचे कॅमेरे पक्ष्याचा डोळा आपणहून शोधतात, सेकंदाला वीस-वीस फोटो काढतात. तू मात्र काळा डोळा काळ्या पट्ट्यात नेऊन बसवलास. दहा लाखांच्या पुढे किंमत मोजून आणलेली सहाशे मिलिमीटरची लेन्स तुझा डोळा शोधत मागेपुढे करत राहते, तोवर तू उठून गेलेला असतोस. तुझ्याच तालुक्यातल्या नायगावच्या मोराकडे बघ जरा. १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी, १९९४ पासून नावावर सुमारे ३० चौरस किलोमीटरचं अभयारण्य, आणि पिसारा असा की मोबाइलवरसुद्धा चुकत नाही. तुझ्या नावावर काय आहे? सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ लिहिलेला माळ.

तुझा सगळ्यात मोठा गुन्हा मात्र वेगळाच आहे. तू माळापासून सुटा होत नाहीस. लांब लेन्सची खरी करामत पक्षी जवळ आणण्यात नाही, त्याच्या मागचं सगळं पुसून टाकण्यात आहे. गवत, दगड, बाभळीची काटकी, चरून गेलेल्या मेंढ्यांच्या लेंड्या हे सारं वितळून मागे सायीसारखा एकसंध रंग उरतो आणि त्यावर पक्षी टाचून ठेवल्यासारखा दिसतो. चांगल्या फोटोची आज हीच व्याख्या झाली आहे. पार्श्वभूमी जितकी नाहीशी, तितकी वाहवा जास्त. असा फोटो पाटोद्यात काढला, पुण्याच्या विमानतळामागे काढला की कच्छात, हे फोटो काढणाऱ्यालासुद्धा वर्षभराने सांगता यायचं नाही. मोराला हे चालतं, त्याची शोभा त्याच्याच अंगावर आहे. तुझी शोभा तू आणि माळ मिळून होते. तुला माळातून कापून काढलं की हातात एक भुरकट पाखरू उरतं, आणि मग लोक म्हणतात, यात बघण्यासारखं काय आहे.

बघण्यासारखं काय आहे, हे ज्यांनी तुझं नाव ठेवलं त्यांना कळलं होतं. तू पंख फडफडवत सरळ वर चढतोस, पंख मिटून दगडासारखा खाली येतोस, जमीन जवळ येताच पुन्हा वर उसळतोस, आणि या सगळ्या कोलांट्यांवर एक लांब, उतरती शीळ घालतोस. दोरीवरचे खेळ करणाऱ्या डोंबाऱ्यांची आठवण व्हावी अशीच ही कसरत. टिटवीला तिच्या आवाजाने नाव दिलं. हिवाळ्यात उत्तरेकडून येऊन माळावर खालून खालून घिरट्या घालणारा शिकारी पक्षी भोवत्या झाला. ही नावं पिसांवरच्या ठिपक्यांवरून पडलेली नाहीत. एका जागी बराच वेळ बसून, पक्षी काय करतो ते पाहून पडलेली आहेत. ज्वारीच्या मचाणावर गोफण घेऊन बसलेला राखण्या भोरड्यांचा थवा शिवाराच्या पार टोकाला असतानाच त्याच्या वळणावरून ओळखतो. गोफणीचा पल्ला लेन्सपेक्षा कमी असेल, पण तिच्यामागच्या माणसाचा जास्त असतो. शिवाय एप्रिल-मेमध्ये सकाळचे नऊ वाजून गेले की माळावरून तापलेल्या हवेच्या लाटा उठू लागतात आणि शंभर पावलांवरचा पक्षी लेन्समध्ये पाण्यात पडल्यासारखा हलतो. त्यावर दहा लाखांत उपाय नाही. शीळ मात्र दुपारीही स्वच्छ ऐकू येते, तीही फुकट.

यावर कॅमेरावाले म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, की फोटो हा पुरावा असतो. त्यांचे पूर्वज नळीतून छर्रे सोडायचे, हे नुसता प्रकाश आत घेतात. कर्नल सायक्सने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. आपल्या माळांवरच्या एका तुरेवाल्या चंडोलाला त्याचं नाव आहे, आणि त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे आधी मारायचा. तेव्हा बंदुकीपेक्षा कॅमेरा बरा, हे मान्यच. रानपिंगळ्याचं उदाहरण तर त्यांच्या बाजूने भक्कम उभं राहतं. १८८४ नंतर ज्याची एकही भरवशाची नोंद नव्हती तो पिंगळा ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळ सापडला आणि चित्रणामुळे शंकेला जागा उरली नाही. पण ही गोष्ट थोडी मागे जाऊन वाचावी. इतकी वर्षं तो सापडत का नव्हता? कर्नल माइनर्ट्‌झहागेन या गृहस्थाच्या संग्रहात १९१४ साली गुजरातेत मिळाल्याची चिठ्ठी लावलेला एक रानपिंगळा होता. त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून लोक भलत्या रानात शोधत राहिले. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासून दाखवलं, की तो नमुना दुसऱ्याच्या जुन्या संग्रहातून उचललेला होता आणि चिठ्ठी बनावट होती. पिसं खरी होती, गाव खोटं होतं. मग जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागी शोध घेतला तेव्हा पक्षी भेटला. म्हणजे पुरावा कशाचा होतो? पक्षी अधिक जागा अधिक तारीख, याचा. ज्या फोटोत जागा मुद्दाम पुसलेली आहे आणि खाली गावाचं नाव नाही, तो फोटो त्या बनावट चिठ्ठीइतका वाईट नसेल, पण चिठ्ठी नसलेल्या नमुन्याहून चांगलाही नाही.

घरट्यावरच्या फोटोंबद्दल थोडक्यात. तुझं घरटं म्हणजे जमिनीतला ओंजळीहून लहान खळगा, कडेला चार खडे. भर उन्हात अंड्यांवर बसणं म्हणजे ऊब देणं नव्हे, सावली धरणं. कोणी लेन्स लावून तिथे अर्धा तास पडून राहिला आणि तुम्ही दोघं लांब बसून राहिलात, तर आत काय होतं ते सांगायला नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना उपद्रव देणं धरलेलं आहे. नुसता प्रकाश आत घेतो म्हणणाऱ्यांनी ती व्याख्या एकदा वाचावी.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. ज्या जिल्ह्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसांच्या टोळ्या बाहेर पडतात, तिथे चंडोलाचं कौतुक कोणाला परवडतं? माळावर झाडं लागली, पवनचक्क्या आल्या, तर बिघडलं कुठे? तर बिघडतं ते ‘रिकामा’ या शब्दापाशी. केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह आहे, त्यात झुडपी माळ पडीकच्या रकान्यात बसतात. २०१९ चा उन्हाळा आठव. बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी झाडं लावायचं ठरवलं. झाडाला कोणाचा विरोध असेल? पण गवताच्या माळावर खड्डे खणताना तिथे आधीपासून काही उगवतं आणि त्यावर मेंढरं जगतात, हे मोजणारा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता. माळ धनगराला पडीक नाही, तुलाही नाही. तो पडीक आहे कागदावर, आणि वितळलेल्या पार्श्वभूमीच्या फोटोत तर तो नाहीच. कागद आणि कॅमेरा यांचं इतकं एकमत एरवी कुठे पाहायला मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल, एखादा देखणा पक्षी पुढे करा, त्याच्या आडोशाने माळ वाचेल. तो प्रयोग तुझ्या शेजारीच झाला. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत माळढोकच्या नावाने जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. तुझ्या शेजारच्या आष्टी तालुक्याच्या शिवेपलीकडचा कर्जत तालुका त्यातलाच. एवढ्या पसाऱ्यात गावं, शेती, रस्ते सगळंच आलं, लोकांची अडचण खोटी नव्हती, आणि २०१२ मध्ये ते सुमारे १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर माळढोकही बोटांवर मोजण्याइतके दिसत होते. राखायचं कारण म्हणून एकच पक्षी लिहिलेला असला, की तो उडून गेल्यावर माळाच्या बाजूने बोलायला वकील उरत नाही. भोवत्या, धाविक, पखुर्डी, तित्तर, माळटिटवी, तुझ्यासारखे पाच-सहा भुरे चंडोल आणि मेंढरं यांची एकत्र हजेरी लागली असती, तर खटला इतका लंगडा झाला नसता.

तेव्हा रंगाबद्दलची तक्रार मी मागे घेतो. उलट तुझ्याकडे येणाऱ्यांसाठी एक अट घालावी म्हणतो. प्रत्येक वीस फोटोंमागे एक फोटो लेन्स काढून, साध्या भिंगाने घ्यायचा. त्यात तू तांदळाच्या दाण्याएवढा आलास तरी चालेल, पण गवत किती उंच होतं, दगड कसा होता, मागे पवनचक्की होती की मेंढरं, ते दिसलं पाहिजे. खाली गाव, तारीख, नर किती, मादी किती, आणि दहा मिनिटांत तू किती वेळा कोलांटी मारलीस ते लिहायचं. त्याला लाइक मिळणार नाहीत. पण वीस वर्षांनी कोणाला या माळावर काय होतं ते शोधायचं झालं, तर मोराच्या लाखभर फोटोंपेक्षा तो एक फोटो उपयोगी पडेल.

कळावे,
तुझा एक विनालेन्स हितचिंतक

ता. क. – तुझ्या मादीबद्दल एकही तक्रार आलेली नाही. ती चिमणी समजून सगळे पुढे निघून जातात. हे पत्र तिला दाखवू नकोस. तिचं बरं चाललं आहे.