उष्णोदक-मीमांसक

सहकारी गृहरचना संस्थांच्या उपविधींमध्ये अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार एवढ्याच पदांचा उल्लेख असला, तरी पुण्यातील कोणत्याही बऱ्यापैकी जुन्या इमारतीत एक चौथे पद वंशपरंपरागत वतन म्हणून चालत आलेले असते, आणि ते भूषविणारा गृहस्थ, निवडणूक न लढविता व मानधन न घेता, खरेदीयोग्य अशा यच्चयावत वस्तूंची चौकशी करण्याचे कार्य आमरण पार पाडीत असतो. पंखा, मिक्सर, डासांची जाळी, यांपैकी काहीही त्याला वर्ज्य नसते. परंतु त्याच्या प्रतिभेला खरा बहर येतो तो न्हाणीघरातील गिझर निकामी झाल्यावर. कारण पदार्थविज्ञान, अर्थशास्त्र, नळकाम, महावितरणचे दरपत्रक आणि घरातील स्त्रीवर्गाची सहनशीलता इतक्या प्रवाहांचा संगम गिझरखेरीज अन्यत्र होत नाही, आणि संगमावर स्नान करण्यापेक्षा संगमाचे माहात्म्य कथन करण्यात अधिक पुण्य आहे, अशी या मीमांसकाची अढळ श्रद्धा असते.

त्याचे वय सामान्यतः पंचावन्नच्या पुढचे. नोकरी सरकारी किंवा निमसरकारी, आणि ती संपली असली तरी तिची भाषा संपलेली नसते. त्याला कंजूष म्हणणे अन्यायाचे होईल. कंजूष मनुष्याला पैसा हवा असतो; आमच्या मीमांसकाला, आपण फसविले गेलो नाही एवढा दाखला स्वतःच्या दफ्तरी रुजू करावयाचा असतो, आणि तो मिळविण्यापायी वाटेल तेवढा खर्च सोसण्याची त्याची तयारी असते.

गिझर नेहमी मार्गशीर्षातच बिघडतो, कारण वैशाखात तो बिघडला आहे किंवा कसे हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. भल्या पहाटे भिंतीवर ओघळ दिसताच मीमांसक विजेरी घेऊन स्टुलावर चढतो आणि शेजारच्या निवृत्त ओव्हरसियरांना पंच म्हणून पाचारण करून जागेचा रीतसर पंचनामा करतो. मागाहून येणारा कारागीर एका दृष्टिक्षेपात निकाल देतो : ‘‘काका, कॉईल नाहीतर थर्मोस्टॅट गेला असता तर आत्ता बदलून दिला असता. ही टाकीच गळतीय.’’ मग टाकीला वेल्डिंग का करू नये, अशी पृच्छा होते. पोलादी टाकीला आतून काचेचा लेप भाजून बसविलेला असतो, आणि वेल्डिंगच्या धगीने तो तडकून एका भोकाच्या जागी चार भोकांची सोय होते, हे तो बिचारा समजावून सांगतो. मीमांसक ते उतरवून घेतो, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘म्हणणे अमान्य, दुसरे मत घ्यावे’ असे नमूद करतो.

वास्तविक मृत्यूच्या कारणात गूढ असे काही नसते. महापालिकेचे पाणी अपुरे पडले की संस्थेच्या टाकीत टँकरचे अथवा कूपनलिकेचे जड पाणी येऊन पडते. त्यातील क्षारांचे कॉईलवर पांढरे कवच चढते, आणि पोलादाला गंज चढू पाहतो. या गंजाला दुसरे भक्ष्य मिळावे म्हणून टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी ठेवलेली असते. ती असेतोवर गंज तिला खातो, आणि ती संपली की टाकीकडे वळतो. ही कांडी मधूनमधून तपासावी व झिजली असल्यास बदलावी, हे माहितीपुस्तिकेत छापलेले असते, आणि ती पुस्तिका मीमांसकाच्या दफ्तरात, प्लास्टिकच्या पिशवीत, एकदाही न उघडलेल्या अवस्थेत सुरक्षित असते. आता मात्र ती उघडली जाते, आणि परार्थ देह झिजविणाऱ्या त्या कांडीवर घरात असे रसाळ निरूपण सुरू होते की अखेर पत्नी विचारते, ‘‘अहो, ती बिचारी गेली हे कळलं. पण आज पाणी कशावर तापवायचं?’’

पाणी तापते ते गॅसच्या शेगडीवर, सत्यनारायणाच्या प्रसादाच्या पातेल्यात; आणि चौकशीचे काम चालू असेतोवर, म्हणजे सुमारे एक ऋतू, तेथेच तापत राहते. सिलिंडर नेहमीपेक्षा आठ-दहा दिवस आधी संपतो. परंतु तो खर्च मीमांसक गिझरच्या खात्यावर टाकीत नाही. गॅस हे स्वयंपाकखाते, आणि एका खात्याची रक्कम दुसऱ्यात वळती करणे हिशेबनियमांस धरून नाही.

मग सुरू होते पर्यायांची छाननी. सौरबंबाचा ठराव संस्थेच्या सभेत मांडला जातो, गच्ची कोणाची या मुद्द्यावर तहकूब होतो आणि तो तसाच राहतो. बादलीत सोडावयाचा रॉड मीमांसकाला तत्त्वतः प्रिय आहे, कारण त्याची जवळजवळ सर्व उष्णता पाण्यातच उतरते आणि त्याची किंमत सांगताना अभिमान वाटतो. पण बटण बंद न करता पाण्यात बोट घालून पाहण्याची सवय त्याला स्वतःलाच असल्यामुळे घरच्या मंडळींनी तो माळ्यावर टाकलेला असतो. गॅसच्या गिझरवर त्याचा लोभ काही काळ जडतो : विजेचे बिल नाही, वाट पाहणे नाही. येथे मात्र पत्नी एरवी कधीच न वापरलेला नकाराधिकार वापरते. न्हाणीघराचा एकुलता एक झरोका यजमानांनीच, वारा लागतो म्हणून, काच बसवून बंद केलेला असतो; आणि अशा कोंदट जागेत गॅस जळू लागला की प्राणवायू घटतो व कार्बन मोनॉक्साइड साचतो, ज्याला ना रंग ना वास. अशाने माणसे न्हाणीघरातच दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. या एका मुद्द्यापुरते मीही विनोद बाजूला ठेवून वहिनींच्या बाजूने साक्ष दिली आहे.

राहिला विजेचा गिझर. येथे मीमांसकाचा गणिताध्याय सुरू होतो, आणि त्यात त्याची चूक काढणे कठीण. पंधरा लिटरच्या गिझरातून पंधराच लिटर पाणी मिळते असे समजणारे लोक त्याला कीव करण्याजोगे वाटतात. ‘‘विसण धरा की!’’ तो म्हणतो. टाकीत ६० अंशांचे पंधरा लिटर, नळाचे पाणी २५ अंशांचे. दोन्ही मिसळून ४० अंशांवर आणले तर ऊन पाणी होते ३५ लिटर, म्हणजे भरल्या दोन बादल्यांना थोडेसेच कमी. आणि हे पंधरा लिटर २५ वरून ६० अंशांवर नेण्यास वीज लागते सुमारे ०.६ युनिट, मग गिझर कोणत्याही घराण्यातला असो. दोन हजार वॅटच्या कॉईलला या कामी अठरा-एकोणीस मिनिटे पुरतात. हा हिशेब तो दूधवाल्यालाही ऐकवितो. महिन्याचा वापर १०० युनिटांच्या टप्प्यातून १०१ ते ३०० च्या टप्प्यात गेला की दर चढतो, त्यामुळे महिनाअखेरीस तो मीटरसमोर उभा राहून पाहुण्यांना स्नान केले किंवा कसे हे विचारीत असतो.

याच अध्यायात ताऱ्यांचे प्रकरण येते. २००२ साली स्थापन झालेल्या ऊर्जा दक्षता ब्युरोची तारांकित पट्टी हल्ली प्रत्येक साठवणीच्या गिझरवर असते. सामान्य ग्राहक तारे मोजतो आणि पैसे देतो. मीमांसकाने मात्र ते तारे कशाचे याचा छडा लावलेला असतो. तापलेले पाणी टाकीत नुसते उभे असता चोवीस तासांत किती उष्णता गळते, यावर ते तारे ठरतात. अर्थात ज्याच्या घरी बटण दिवसभर चालू राहते त्याला त्यांचा लाभ मोठा, आणि जो स्नानापुरते बटण लावून लगेच बंद करतो त्याला अल्प. इथपर्यंतचा युक्तिवाद निर्दोष आहे. त्यावरून मीमांसक जो निष्कर्ष काढतो तो असा की आपल्या घरी ताऱ्यांची गरज नाही, कारण बटणाशी तो स्वतः उभा राहणार आहे. आणि तो राहतोही! सून न्हाणीघरात शिरण्यापूर्वीच बाहेरून ‘बटण बंद करतोय बरं का’ अशी दवंडी पिटली जाते, आणि मुंजीच्या वयाचा नातू आजोबांच्या भयाने डोक्यावरचा साबण न धुताच बाहेर येतो.

या सर्व खलबतात मीमांसकाच्या नव्वदीतल्या मातोश्री भाग घेत नसत. एके दिवशी मात्र, मुलगा कागदावर गिझरची आकृती काढून, थंड पाणी तळातून शिरते आणि ते जितके शिरेल तितकेच ऊन पाणी वरच्या नळीने बाहेर पडते हे त्यांना समजावीत असता, त्या म्हणाल्या, ‘‘अरे, मग हा बंबच की! वरून तपेलीभर ओतायचं, तेवढंच तोटीतून यायचं. तुझ्या वडलांनी तांबटआळीतनं आणला तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं.’’ तो बंब आज त्यांच्या दिवाणखान्यात असतो. बंबफोडीचे जळण गेले, चुलाणी गेली, घंगाळे मोडीत निघाली. पण तांब्याचे बंब घासूनपुसून, लाख लावून बैठकीच्या खोलीत येऊन बसले, आणि ज्याच्या पोटात निखारे असत त्याच्या डोक्यावर आता मनीप्लँट डोलतो. मातोश्रींच्या या बयानाची नोंद दफ्तरात आढळत नाही.

यथावकाश मीमांसक बाजारात उतरतो. तपकीर गल्लीतील विजेच्या सामानाची दुकाने आणि बोहरी आळीतील नळसामानाची दुकाने यांना त्याचे दर्शन नवे नसते. आपले अंदाजपत्रक त्याने मागील गिझरच्या पावतीवरून निश्चित केलेले असते, आणि पंधरा लिटरला आता सहा ते दहा हजार पडतात हे ऐकून तो दुकानदाराकडे ज्या करुणेने पाहतो ती पाहण्यासारखी असते. बिलाशिवाय घेतला तर स्वस्त, पण मग हमीपत्रावर शिक्का नाही. बिलासह घेतला तर १८ टक्के कर. त्यातही त्याचा एक नजीर म्हणून जपलेला दाखला आहे : २०१८ च्या जुलैत गिझरवरील हा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा आदल्या महिन्यात घाईने खरेदी करणारे जावई कसे नाडले गेले, आणि जो थांबला तो कसा तरला. त्या दिवसापासून कोणतीही खरेदी लांबणीवर टाकताना हा दाखला पुढे केला जातो, आणि जावई चहा अर्धा टाकून उठतात.

मधल्या काळात तीन लिटरच्या झटपट गिझरने त्याला मोह घातला होता. किंमत निम्म्याहून कमी. पण तीन हजार वॅटची ती कॉईल विसणाविना स्नानाजोगे पाणी देते ते मिनिटाला तीन लिटरांहून कमीच, त्यामुळे बादली भरण्यास सात मिनिटे; आणि प्रवाह तेरा अँपिअरचा. ‘‘काका, तुमची बाथरूमची वायर फार बारीक आहे, बोर्डापासून नवी ओढावी लागेल,’’ असे वायरमनने सांगून खर्चाचा आकडा उच्चारताच तो प्रस्ताव जागीच बरतर्फ झाला. जुन्या गिझराच्या मोडीतून काही वसूल होईल म्हणावे, तर भंगारवाल्याने आत तांबे नाही, पत्रा आहे, असे जाहीर केले. तो आकार आता माळ्यावर, रॉडच्या शेजारी, भाव येण्याची वाट पाहत पडून आहे.

शेवटी गिझर आला. आला तो चैत्रात, उतरत्या हंगामाची सवलत साधून, दुकानदाराने केवळ सुटका म्हणून दिलेल्या दरात, आणि त्यावर तारे पुरते पाच होते, कारण त्या दिवशी मीमांसकाला ताप असल्यामुळे खरेदीला वहिनी गेल्या होत्या. तोवर नळाचे पाणीच आपोआप कोमट येऊ लागले होते. खोके भिंतीवर चढले, कनेक्शन झाले, आणि यंत्र दिवाळीपर्यंत विश्रांती घेत बसले.

सध्या मीमांसक एका अर्जाच्या मसुद्यात गुंतलेला आहे. टाकीवरील पाच वर्षांच्या हमीची मुदत खरेदीच्या तारखेपासून मोजली जाते हे त्याला न्याय्य वाटत नाही. ग्राहकाने वस्तूचा उपभोगच घेतला नसेल तर ते महिने मुदतीत धरणे गैर असून, मुदतीची गणना प्रथम स्नानाच्या दिनांकापासून व्हावी, आणि त्या स्नानाचा पंचनामा दोन प्रतिष्ठित नागरिकांच्या सहीने सोबत जोडण्यात येईल, असे त्याचे म्हणणे आहे. पंच म्हणून ओव्हरसियरांनी होकार दिला आहे. दुसऱ्या सहीसाठी काल माझ्याकडे विचारणा झाली, आणि दिवाळीच्या पहिल्या अभ्यंगाला मी टॉवेलनिशी की टॉवेलाविना उपस्थित राहावे, याचा खुलासा मी मागविला आहे.