हात न लावलेलं इंजिन

येरवड्यात लक्ष्मीनगरच्या बोळात रात्री उभी असलेली जुनी पिकअप दिसली, की तिचा मालक दोघांपैकी एक असतो: इंजिन बदललेला किंवा बदलणार असलेला. गाडी विकून नवी घेणारा तिसरा प्रकार नदीपलीकडे कोरेगाव पार्कात राहतो आणि त्याच्याकडे पिकअप नसते. आपला गृहस्थ मंडपवाल्यांची आणि केटरिंगची भाडी मारतो. हौद्याचा पत्रा दोनदा बदललेला, पाटे एकदा, डाव्या दरवाज्याचा रंग गाडीशी फटकून. तरी ‘बॉडी एकदम ओरिजनल’ हे त्याचं पहिलं वाक्य. दगा दिलाय तो फक्त इंजिनाने. चढावर निळा धूर आणि दोन भाड्यांमागे लिटरभर ऑइल. अशा गाडीत पुन्हा पैसे घालणाऱ्याला लोक कंजूष तरी म्हणतात, नाहीतर गाडीत जीव अडकलेला भाबडा तरी. मला दोन्ही निदानं चुकलेली वाटतात. कंजूष असता तर इतके चहा पाजत फिरला नसता, आणि भाबडा असता तर कुणाच्या तरी शब्दावर पहिल्याच दिवशी इंजिन उचललं असतं. तो इंजिनाच्या निमित्ताने माणसं तपासत असतो, आणि जुन्या इंजिनाच्या बाजारात तपासण्यासारखं दुसरं काही हाती लागतही नाही.

इंजिन भंगारवाल्याकडे जुन्या टायरवर बसवलेलं असतं. चालू करून दाखवायला त्याला ना बॅटरी, ना पाणी, ना डिझेल. विकत घेण्याआधी खोलून बघू देत नाहीत, कारण खोललं की ते ‘हात न लावलेलं’ राहत नाही, आणि सगळी किंमत तर त्याच शब्दाची. मग आपला गृहस्थ फ्लायव्हील हाताने फिरवून कॉम्प्रेशन अडतंय का ते बघतो. ऑइलची पट्टी काढून दोन बोटांत चोळतो. ऑइल दुधाळ निघालं तर आत पाणी शिरलेलं, म्हणजे हेड तरी गेलंय नाहीतर गॅस्केट. नशिबाने चालू इंजिन मिळालं, तर ऑइलचं झाकण तोंडावर उलटं ठेवतो. झाकण थडथडा उडालं की रिंगा संपल्या. पण या सगळ्यातून कळतं ते फक्त इंजिन आज मेलेलं नाही एवढंच. ते किती वर्षं जगेल, याचं उत्तर माणसाकडेच मागावं लागतं. म्हणून त्याचा खरा प्रश्न असतो, ‘गाडी कुठून ठोकलेली होती?’ मागून ठोकली असेल तर इंजिन शाबूत. आश्चर्य असं, की भंगारात आलेली प्रत्येक गाडी मागूनच ठोकलेली निघते. समोरून धडकलेल्या गाड्या जातात कुठे, हे कोडं अजून सुटलेलं नाही.

यावर शहाणी माणसं म्हणतात, एवढं करण्यापेक्षा आहे त्याच इंजिनाचं बोअर मारून घ्यावं, पिस्टन-रिंगा नाना पेठेतून आणाव्यात. हिशेब बरोबर आहे, पण त्यात गाडी उभी राहते, आणि लग्नसराईत उभी गाडी म्हणजे बुडालेली भाडी. शिवाय लेथवाल्याने बोअर सरळ मारलं, हेही अखेर त्याच्याच तोंडून कळायचं. दुसरा सल्ला कर्ज काढून नवी घेण्याचा. सल्ला देणाऱ्याचा पगार एक तारखेला होतो, त्यामुळे हप्ताही एका तारखेला जावा यात त्याला काही वावगं दिसत नाही. मंडपाचं भाडं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतं. चातुर्मासात लग्नं नसतात. हप्ता मात्र असतो.

‘एका गाडीचं धड, दुसरीचं काळीज, हा काय प्रकार?’ असा तिसरा आक्षेप येतो. हा मला सगळ्यांत लटका वाटतो. महिंद्राने विलीजच्या घराण्यातल्या जीपमध्ये फ्रान्सच्या प्यूजोचं डिझेल इंजिन बसवलं. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्सने, ट्रॅक्सच्या पोटात मर्सिडीजचं ओएम 616 घातलं. कारखान्याने केलं की ते तांत्रिक सहकार्य. मिस्त्रीने चेन कुप्पीला लटकवून, फाउंडेशनचा ब्रॅकेट कापून, ‘त्यात काय, एक टाका मारू’ म्हणत केलं, की जुगाड. फरक नाही असं नव्हे. कारखान्यात ब्रॅकेट आधी कागदावर काढतात, इथे तो कापल्यावर आठवतो. कायद्याचंही झुकतं माप पाहा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 राज्य सरकारला अशी मुभा देतं, की निदान दहा वाहतूक गाड्यांच्या मालकाला त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन परवानगीवाचून बदलू द्यावं. एकाच गाडीवर पोट असलेल्याने मात्र परवानगी काढायची. परवानगीवाचून बदललं तर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, मग मालक कुणीही असो. इंजिन बसवताना तो दहा जणांना विचारतो, त्यात आरटीओ कधी नसतो.

धुराचा आक्षेप मात्र खोडता येत नाही. पुण्यात बीएस-4 आलं 2010 मध्ये, बीएस-6 देशभर 2020 मध्ये. आपल्या गृहस्थाला तरीही साध्या पंपाचंच इंजिन हवं असतं. नव्या इंजिनाबरोबर सेन्सर येतात, कॉम्प्युटर येतो, आणि येरवड्याच्या मिस्त्रीला कानाला लांब स्क्रूड्रायव्हर लावून कॉम्प्युटरचा आवाज ऐकू येत नाही. ही अडचण खरी आहे. पण तो धूर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या नाकात जातो हेही तेवढंच खरं, आणि त्यावर ‘नवीन इंजिन आहे, दोन दिवसांत साफ होईल’ यापलीकडे त्याच्याकडे उत्तर नाही.

इंजिन बसतं, सेल्फ मारला जातो, आजूबाजूचे दोन हेल्पर आणि एक रिक्षावाला मान वाकडी करून ऐकतात आणि आवाज गोड असल्याचा निर्वाळा देतात. उतरवलेलं इंजिन गॅरेजच्या दाराशी, जुन्या टायरवर, फ्लेक्सच्या तुकड्याखाली ठेवलं जातं. आठवड्याभरात शिरूरकडचा कुणीतरी ते बघायला येतो, फ्लायव्हील फिरवतो, पट्टी काढून ऑइल बोटांत चोळतो आणि मालकाच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. आपला गृहस्थ हात पुसत पुसत सांगतो, ‘घ्या बिनधास्त. कंपनीनंतर कुणी हात लावलेला नाही.’