किक कुठाय?

बाबांचा हुकूम होता, पाडव्याला गाडी बाहेर काढायची. सातारा काय नि न्यू जर्सीतलं एडिसन काय, मुहूर्त तो मुहूर्त. गॅरेजच्या दाराला गुढी, आत डिसेंबरपासून झाकून ठेवलेली माझी क्लासिक ३५०. मी बटण दाबलं. मीटरवरचा दिवा तेल संपलेल्या निरांजनासारखा एकदा फडफडला आणि विझला.

"किक मार," बाबा म्हणाले.

"किक नाहीये, बाबा."

"नाहीये म्हणजे? पडली कुठे?"

२०२१ साली हे मॉडेल नव्या इंजिनासह आलं तेव्हाच किक गेली, हे त्यांच्या पचनी पडेना. त्यांची हयात बुलेटवर गेलेली. आधी डीकॉम्प्रेशनचा खटका दाबायचा, अँपिअरमीटरचा काटा मधोमध आणायचा आणि मग सगळं वजन टाकून एक किक. चुकली तर ती उलटून नडगीवर यायची. तो व्रण ते अजून पाहुण्यांना दाखवतात.

मग धक्का. साताऱ्यात पोवई नाक्यावर गाडी बंद पडली की न बोलावता चार पोरं धावतात. आमच्या गल्लीत दुपारी माणूस दिसायचा तर कचऱ्याची गाडी यावी लागते. शेवटी शेजारचे निवृत्त गोरे आजोबा आणि समोरचे पटेलकाका यांना गोळा केलं. दुसरा गिअर, क्लच, "हां, हां, सोडा!" गाडी नुसतीच हिसका देऊन थांबली. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल फेकणारा पंप आणि कॉम्प्युटर दोन्ही बॅटरीवर चालतात. बॅटरी पार आडवी झाली असली की धक्का मारणं म्हणजे फक्त व्यायाम. पटेलकाकांना श्रीखंड देऊन वाटेला लावलं.

मल्टिमीटर लावला तर ८.७ व्होल्ट. धडधाकट बॅटरी १२.६ च्या वर असते. चूक सर्वस्वी माझी. इथे थंडीभर गाडी उभी करायची तर बॅटरीला छोटा चार्जर लावून ठेवतात, सलाईन लावल्यासारखा. 'चाळीस डॉलर कशाला?' म्हणून मी तो घेतलाच नव्हता. भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, उतरलेली मात्र गोठू शकते. माणसांचंही तसंच आहे, असं बाबा म्हणणार होते. मी त्यांना म्हणू दिलं नाही.

मनाची समजूत घातली ती थॉमस एडिसनने. १९५४ साली आमच्या गावाला ज्यांचं नाव दिलं, तेच ते. मोटारींसाठी निकेल-लोखंडाची बॅटरी काढायची म्हणून साहेबांनी वर्षानुवर्षं खपून ती काढली, आणि थंडीत ती मलूल व्हायची! १९१२ साली कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर बसला तोही १८५९ पासूनच्या शिसं-आम्लाच्या बॅटरीवर. म्हणजे या गावात थंडीने बॅटरी बसणं हा वारसाच म्हणायचा.

दुकानात काउंटरवरच्या पोराने विचारलं, लिथियम की एजीएम? लिथियम उचलली तर खोकं रिकामं आहे की काय असं वाटतं, पण किंमत जवळजवळ तिप्पट, आणि थंडीत तिचेही नखरे. एजीएम, म्हणजे शिसं-आम्लाचीच, ठरली. मग लांबी-रुंदी-उंची, आणि पॉझिटिव्ह डावीकडे की उजवीकडे. ती बाजू उलटी निघाली तर वायर पोचतच नाही. गार स्टार्टचा आकडा वेगळा: उणे १८ अंशांत तीस सेकंद किती अँपिअर देते तो. बाबांचं लक्ष मात्र नावाच्या शेवटच्या 'बीएस'वर.

"भारत स्टेज इथे पण आलं?"

ते 'बॉटल सप्लाइड' निघालं. बॅटरी कोरडी, आम्लाच्या सहा नळ्या सोबत. बाबांचा चेहरा उजळला. जन्मभर दसऱ्याच्या आधी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरलेला माणूस तो. अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना काहीतरी भरायला मिळालं. हातमोजे, चष्मा चढवून त्यांनी त्या नळ्या अशा उपड्या धरल्या, जणू अभिषेकपात्र. बुडबुडे थांबेपर्यंत कुणाला बोलायची परवानगी नव्हती. मग झाकण, मग रीतसर चार्जिंग. चार्जर अर्थातच आता घेतला.

बसवताना पाडवा उलटून गेला होता. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह, एवढं मला पाठ. पण टर्मिनलच्या खोबणीतला चौकोनी नट दर वेळी खाली घसरे आणि बोल्टाला काही धरायला मिळेना. सात वेळा. आठव्या वेळी मी जे बोललो ते बाबांच्या नातवाने ऐकलं. बाबांनी शांतपणे त्याच्या कंपासमधलं खोडरबर घेतलं, ब्लेडने चतकोर कापलं आणि नटाखाली सारलं. नट वर आला, बोल्ट पहिल्या आट्यातच बसला.

जुनी बॅटरी परत दिल्यावर दुकानाने नवी देताना घेतलेली ठेव परत केली. "म्हणजे भंगारवाला इथेही आहे," बाबा समाधानाने म्हणाले.

पहिला मान त्यांचा. ते बसले, हेल्मेटचा पट्टा आवळला, आणि सवयीने पाय हवेत उचलून जोरात खाली आणला. खाली काहीच नव्हतं. क्षणभर पायाकडे पाहिलं, मग लिफ्टचं बटण दाबावं तसं अंगठ्याने बटण दाबलं.