पुणं इथं संपतं

पुण्याची हद्द कुठं संपते, याबाबतीत महापालिकेच्या नकाशावर फारसा विश्वास ठेवू नये. नकाशा सरकारी असतो आणि सरकारला लहर आली की बदलतो. ३० जून २०२१ ला एका अधिसूचनेनं २३ गावं एका झटक्यात पुण्यात आली. रात्री मुळशीकर म्हणून झोपलेली सूस-म्हाळुंग्याची माणसं सकाळी पुणेकर म्हणून उठली. रस्ते, पाणी आणि कचरा मात्र उठले नाहीत, ते अजून झोपलेलेच आहेत असं तिथले लोक सांगतात. खरी हद्द प्रत्येक पुणेकराच्या मनात आखलेली असते आणि ती त्याच्या इमारतीच्या कंपाउंडला अगदी चिकटून जाते. भिंतीच्या आत पुणं. भिंतीच्या पलीकडं, 'अहो, तिकडं कोण राहतं?'

हे ज्ञान मला मामांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटताना झालं. मामा नारायण पेठेतले, पोस्टातून निवृत्त. व्हॉट्सॲपवर आलेली पत्रिका म्हणजे आमंत्रण नव्हे, ती नुसती माहिती, असं त्यांचं मत. म्हणून जूनमधल्या एका रविवारी पत्रिका, अक्षता, कुंकवाची डबी आणि पेढ्यांचा पुडा अशी पिशवी मांडीवर घेऊन ते माझ्या गाडीत बसले. आमच्या आजोळची मंडळी गेल्या पन्नास-साठ वर्षांत पश्चिमेला सरकत गेलेली. आजोबांची पिढी पेठेत, पुढची कोथरूडला, त्यापुढची बावधनला. कोण कोणाच्या पिढीचा हे आमच्याकडं वंशावळीपेक्षा पिनकोडवरून लवकर कळतं.

पहिला मुक्काम सदाशिव पेठ. मावशीचा वाडा पाडून तिथं चार मजली इमारत उभी राहिली, पण मावशीनं तिसऱ्या मजल्यावरही वाडाच चालू ठेवला आहे. मामांनी वाकून नमस्कार केला, पत्रिका हातात दिली. मावशीनं चष्मा लावला आणि टेबलावरचं लाल पेन उचललं.

"आशीर्वादातला शी दीर्घ. इथं ऱ्हस्व छापलाय."

"छापखान्यात झालं असेल गं."

"छापखान्याला शुद्धलेखन येत नाही म्हणून तर मुद्रितं तपासायची असतात." पेन खाली सरकत सरकत कार्यालयाच्या पत्त्यापाशी आलं. लग्न भूगावच्या एका लॉन्सवर होतं आणि पत्त्याच्या शेवटी 'भूगाव, पुणे' असं छापलेलं होतं. मावशीनं 'पुणे' या शब्दावर शांतपणे आडवी रेघ मारली. "ही चूक तर अक्षम्य आहे. भूगावला जायचं म्हणजे डबा घेऊन निघायला हवं."

"अगं, लग्नात जेवण असतं!"

"पोचेपर्यंतचं म्हणतेय मी."

मावशीच्या हिशेबानं पुणं लकडी पुलाशी संपतं. पुलापलीकडचं डेक्कन तिला मान्य आहे, पण ते 'नदीपलीकडं' म्हणून. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून नदी पेठांत घुसली, तेव्हा पुष्कळ कुटुंबं उंचावरच्या जागा शोधत बाहेर पडली. मावशी गेली नाही. जे गेले ते परत येतील, या समजुतीत ती अजून आहे.

तिथून नाना पेठ. अंतर चालत गेलं तर थोडकं, एकेरी रस्त्यांनी गेलं तर दुसरं पुणं. आठवड्याच्या सातही वारांच्या पेठा या शहरात आहेत; बुधवारात राहणारा माणूस शुक्रवारात दुकान चालवतो आणि त्याची सासुरवाडी रविवारात असते, यात इथं कुणाला काही वावगं वाटत नाही. पण शिवाजी रस्त्याच्या पश्चिमेच्या पेठा आणि पूर्वेच्या पेठा यांची एकमेकांशी फक्त गणपतीत गाठ पडते. नाना पेठेत मामांचे शाळासोबती राहतात, खाली गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, वर घर. त्यांच्याकडं पत्रिका एकट्यानं वाचायची पद्धत नाही. ओट्यावरचे चौघे, समोरचा पानवाला आणि पंक्चरवाला पोरगा अशा सगळ्यांनी मिळून ती वाचली. शुद्धलेखनाचं सोडा, मजकुराकडंही कुणी पाहिलं नाही. शोध चालला होता नावांचा.

"निमंत्रकांत तीनच नावं? आमच्या गल्लीत बारशाला पस्तीस असतात. नगरसेवकाचं नाव नाय, मंडळाच्या अध्यक्षाचं नाय, माझं पण नाय."

"अरे, घरचंच कार्य आहे."

"मग मी काय बाहेरचाय?"

ढोल किती, फ्लेक्स कुठल्या चौकात, हे प्रश्न मामांनी कसेबसे टाळले. निघताना मित्रानं पश्चिमेकडं बोट करून मला सांगितलं, "शिवाजी रोडच्या पलीकडं कोन राहतंय? दुपारी तर सगळे झोपलेले असतात."

प्रभात रस्त्याला प्रभात फिल्म कंपनीचं नाव आहे. कोल्हापूरहून १९३३ साली पुण्यात आलेल्या या कंपनीच्या स्टुडिओत आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. एवढं सिनेमाचं नाव असूनही रस्त्यावर आवाज म्हणून नाही. गल्ल्यांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. मामांच्या जुन्या साहेबांच्या बंगल्याची घंटा वाजवली, आत कुठंतरी कुत्रा सभ्यपणे भुंकला, एका बाईंनी दार अर्धं उघडून पत्रिका घेतली आणि "थँक यू सो मच" म्हणून दार लावलं. पेढा मामांच्या हातात तसाच राहिला. तो मी खाल्ला.

कोथरूडकडं जाताना कर्वे रस्ता लागतो. महर्षी कर्व्यांनी १९०० साली हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधून अनाथ बालिकाश्रम हलवला, तो तिथं जमीन मिळाली म्हणून आणि गावातल्या लोकांच्या नजरेपासून लांब म्हणूनही. ते रोज पुण्यातून तिथं चालत जात. आज त्याच हिंगण्यात, म्हणजे कर्वेनगरात, राहणारे लोक वारज्याला 'बाहेर' म्हणतात. महर्षींनी हे ऐकलं असतं तर ते आणखी दोन मैल पुढं चालत गेले असते, एवढंच.

कोथरूडचे मामा म्हणजे मामांचे चुलतभाऊ. सहकारी गृहरचना संस्थेचे सचिव. फाटकावर वही. तारीख, नाव, वाहन क्रमांक, कुणाकडं, कामाचं स्वरूप, आत येण्याची वेळ, बाहेर पडण्याची वेळ. पोस्टात आयुष्य गेलेल्या माणसाला रकाना रिकामा सोडवत नाही. मामांनी कामाच्या स्वरूपात 'लग्न' लिहिलं. पहारेकऱ्यानं चमकून त्यांच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं. बाहेर पडण्याची वेळ या रकान्यात त्यांनी 'चहा झाल्यावर' लिहिलं.

जिन्यात सूचनाफलक होता. आधीच्या सूचनेतल्या भाषेचा निषेध करणारी नवी सूचना, आणि तिच्याखाली पेन्सिलीनं 'वाचले' असं लिहून केलेली सही. कोथरूडमध्ये शेजारी भांडतात, पण लेखी आणि इतिवृत्तात नोंद ठेवून. कोथरूडच्या मामांनी पत्रिका उलटसुलट करून पाहिली. "पार्किंगचं काही लिहिलं नाहीस."

"लॉन्स आहे रे. मोकळं असतं."

"मोकळं असणं आणि पार्किंग असणं यात फरक आहे." मग मामी चहा घेऊन आल्या आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "मुलगा लांब राहायला गेला हो. सणावारीच येणं होतं." अमेरिका की कॅनडा, असं मी विचारणार होतो, तेवढ्यात मामांनी मला कोपरानं ढोसलं. मुलगा बावधनला होता. चांदणी चौक ओलांडला की उजव्या हाताला.

चांदणी चौक ओलांडणं हा मात्र स्वतंत्र प्रवास आहे. इथला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात मध्यरात्री सुरुंग लावून पाडला आणि ते पाहायला लोक रात्रभर जागले. सवाई गंधर्वनंतर पुण्यात एवढं जागरण त्याच कार्यक्रमाला झालं असावं. पुढच्या वर्षी १२ ऑगस्टला नव्या पुलांचं उद्घाटन झालं. आता इतके रस्ते एकमेकांच्या वरून, खालून आणि बगलेतून जातात की बावधनचा माणूस साताऱ्याकडं जाताना दिसला तर त्याला कुठं चाललास विचारू नये. तो घरीच चाललेला असतो.

बावधनही दोन आहेत. खुर्द म्हणजे धाकटं, बुद्रुक म्हणजे थोरलं. पण महापालिकेत आधी धाकटं गेलं आणि थोरल्याचा नंबर २०२१ साली लागला. मामेभावाचा मनोरा थोरल्यात. फाटकावर वही नाही, ॲप. पहारेकऱ्यानं फोन समोर धरला तेव्हा मामांनी टोपी सारखी केली आणि पासपोर्टला काढतात तसा गंभीर फोटो दिला. मग प्रश्न आला, "गेस्ट, डिलिव्हरी, कॅब, की कामाला?"

मामा पिशवी वर करून म्हणाले, "पत्रिका द्यायच्या आहेत."

"म्हणजे डिलिव्हरी."

अशा रीतीनं वधूपिता सामानाच्या लिफ्टनं अठराव्या मजल्यावर गेले. आम्ही लिफ्टची वाट पाहत असताना पाण्याचे दोन टँकर धडधडत आत गेले. त्यांना कुणी नाव-गाव विचारलं नाही, फोटोही काढला नाही. या भागात टँकर हा घरचाच माणूस.

मामेभावाच्या बायकोनं पत्रिकेवर दोन बाजूंनी बोट फिरवलं, क्यूआर कोड सापडेना, तेव्हा प्रेमानं म्हणाली, "लोकेशन टाका ना काका." पेठेत व्याकरण, पूर्वेला नावं, कोथरूडला पार्किंग आणि इथं लोकेशन. एकाच कागदात वाचण्यासारखं इतकं काही आहे, हे तो छापणाऱ्यालाही ठाऊक नसेल. मामेभाऊ हिंजवडीला कामाला. तो रोज मुळशी तालुक्यात जातो, हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याला पटेना. हिंजवडी, माण, मारुंजी ही सगळी गावं मुळशीचीच आणि त्यांचं तालुक्याचं ठिकाण पौड. आयटी पार्कातले सगळे ढग एका बाजूला आणि पौडच्या तहसील कचेरीतला सातबारा एका बाजूला, असं म्हटल्यावर तो जरा गप्प झाला. मग बाल्कनीत नेऊन त्यानं डोंगराच्या कुशीतले दुसरे मनोरे दाखवले. "ते भूगाव. तिकडं कोण राहतं रे? पुण्याच्या बाहेर पडतं ते."

भूगावात आम्ही अडकलो. पहिला पाऊस पडून गेलेला रविवार, म्हणजे सगळं पुणं मक्याचं कणीस खायला ताम्हिणीकडं निघालेलं. लग्नाचं लॉन्स डाव्या हाताला होतं, प्लास्टरचे दोन हत्ती सोंड वर करून उभे. मामा गाडीतून उतरून आत गेले, मांडव पाहिला, पाऊस आला तर काय विचारलं, पाणी कुठून येतं विचारलं, लघवी करून आले. तोवर गाडी हत्तीच्या सोंडेपासून शेपटापर्यंत गेली होती.

या रस्त्यावर वाचायला भरपूर आहे. पेठेतल्या पाट्या काय करू नये ते सांगतात. इथले फ्लेक्स आज कुणाचा वाढदिवस आहे ते सांगतात, आणि रोज कुणाचा तरी असतोच. त्यांच्यामध्ये 'पुण्यापासून अवघ्या २० मिनिटांवर तुमचं दुसरं घर' असे फलक. पहिला फलक भूगावात, तसाच पिरंगुटात, तसाच पौडच्या अलीकडं. गाव कितीही पुढं जावो, मिनिटं वीसच.

इथलं माप गुंठा. १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतं एकरांनी होती तोवर या रस्त्याला कुणी विचारत नव्हतं, गुंठ्यांनी विकायला लागल्यावर कोथरूडपर्यंत रांग लागली. जमिनीच्या पैशात गळ्यात साखळी आणि दारात पांढरी गाडी आलेल्यांना पुण्यानं 'गुंठामंत्री' असं नाव ठेवलं. नाव ठेवणाऱ्यांपैकी बरेच जण त्याच गुंठ्यावर बांधलेल्या फ्लॅटात बसून ते म्हणतात, हे मला जरा जास्त होतं. जमीन विकून बसलेल्या घरातल्या पोराचं पुढं काय होतं, ते प्रवीण तरड्यांनी २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न'मध्ये दाखवलं. सिनेमा पुण्यात जोरात चालला. प्लॉटही.

पिरंगुटचे कारखाने आणि पौडचा बाजार मागं टाकल्यावर मुळशीचं पाणी दिसलं. हे टाटांचं धरण. ते होऊ नये म्हणून १९२१ साली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि त्यातून पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली. धरण झालंच, भातखाचरं पाण्याखाली गेली, आणि पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरवून त्याची वीज मुंबईला गेली. पुढं मुंबईनंही सेनापती बापटांचं नाव एका रस्त्याला दिलं आणि पुण्यानंही. पुण्यातल्या त्या रस्त्यावर आज बापटांना एक गुंठा परवडला नसता.

काठानं आता बंगले. उंच भिंती, आत हिरवळ, बाहेर 'खासगी मालमत्ता'. यांची माणसं मुंबईची किंवा कोरेगाव पार्कची, आणि भेटतात शनिवार-रविवारी. डोंगरापलीकडं वरसगावच्या पाण्यावर लवासा, इटलीतल्या पोर्टोफिनोचा नमुना घेऊन रंगवलेलं. आमच्या एका दूरच्या भाऊजींचा तिथं फ्लॅट आहे, त्यांची पत्रिका मामांनी त्यांच्या डोंबिवलीच्या पत्त्यावर टाकली होती.

शेवटची पत्रिका तलावाच्या वरच्या अंगाच्या एका गावातली. मामांच्या हाताखाली पोस्टमन असलेले गृहस्थ. फाटक नाही, वही नाही, ॲप नाही, पण गाडी थांबायच्या आत तीन घरांतून "कुनाकडं?" आलं आणि चौथ्यातून उत्तरही आलं. पहारा सगळ्यांत कडक इथंच होता. पाणी, चहा, मग "जेवूनच जायाचं" अशी आज्ञा. पोस्टमनसाहेबांनी पत्रिका आयुष्यभराच्या सवयीनं पत्त्यापासून वाचली.

"भूगाव. मंजी पुन्यातच की."

मामांनी माझ्याकडं विजयी मुद्रेनं पाहिलं. सकाळपासून 'पुणे' हा शब्द पत्रिकेवर शाबूत ठेवणारा हा पहिला माणूस होता. पण पोस्टमनसाहेब तारखेपाशी अडकले. "जुलैची पाच? आवो साहेब, ऐन लावणीत? मुहूर्त कुनी काढला?"

"पुण्यातल्या गुरुजींनी."

"त्येंचं भात किराणा दुकानात पिकतं." तरी येतो म्हणाले, एका दिवसाची लावणी भाऊबंदांवर टाकून. आहेराला घरचा आंबेमोहर आणतो म्हणाले. मग सुपारी कातरत त्यांनी घाटाच्या बाजूला मान उडवली. "आमच्या गावाचं लई बरं हाय बघा, यष्टी हाय, पुनं जवळ हाय. ह्याच्या म्होरं ताम्हिनीच्या अंगाला कोन राहतं? निसता पाऊस."

आतून भाकरी थापायचा आवाज थांबला.

"माझं म्हायेर हाय तिकडं," बाई दारात येऊन म्हणाल्या. हाताला पीठ तसंच होतं. "आन् साहेब, पत्रिका उरली असंल तर एक माझ्या भावाला द्या. नाव मी सांगते, लिवा."