साठीशांत की तेरावं?

कॅनडातल्या गावकऱ्यांचे आम्हाला मनापासून कौतुक वाटते. बाहेर महिनोन्‌महिने फुकटचा बर्फ पडलेला असतो आणि ही मंडळी भिंती उभारून, वर छप्पर घालून, विजेचे बिल भरून आत निराळा बर्फ तयार करतात. त्यावर पोरे हॉकी खेळतात आणि कठड्याबाहेर आजोबा कॉफी पीत पंचांचा उद्धार करतात. १९६७ साली देशाला शंभर वर्षे झाली, सरकारने अनुदाने वाटली आणि गावोगाव ‘सेंटेनियल अरीना’ उभी राहिली. त्यांची आता साठी आली. साठीशांत करायची की तेराव्याची तयारी, यावर नगरपरिषदांचा खल चालू आहे. (पुणेकरांनी हसू नये. १९६८चे बालगंधर्व रंगमंदिर पाडायचे की राखायचे, यात आपलीही वर्षे गेलीच.)

दुरुस्तीवाल्यांचे म्हणणे सोपे. कॉम्प्रेसर बदला, रंग मारा, भागेल. मग कंत्राटदार येऊन फरशी बघतो. बर्फ असतो इंच-दीड इंच; खाली काँक्रीट, त्यात नळ्यांचे जाळे, नळ्यांतून शून्याखाली थंड केलेले खारे पाणी. आणि त्याच्याही खाली ऊब द्यावी लागते! नाहीतर जमीनच गोठून फुगते आणि फरशीला कुबड येते. जुन्या बांधकामात ही सोय बऱ्याचदा नसते. म्हणजे फरशी उखडा. फरशी उखडायची तर कठडे काढा. यंत्रात थंडाव्यासाठी आर-२२ वायू असेल तर ओझोनपायी त्याचे नवे उत्पादन २०२० पासून जवळजवळ बंद. म्हणजे यंत्रणाही बदला. इतके झाल्यावर कोणीतरी विचारतेच, मुलींनी कपडे कुठे बदलायचे? १९६७ साली मुलीही हॉकी खेळतील हे आराखडा काढणाऱ्याच्या गावीही नव्हते.

नवे बांधा म्हणणाऱ्यांचा हात आणखी सढळ. दोन रिंक, पोहण्याचा तलाव, चालायला ट्रॅक, वर योगवर्ग. आकडा ऐकून पेन्शनरांच्या फेऱ्या घरातल्या घरातच सुरू होतात. शिवाय नावाचा प्रश्न. कित्येक जुन्या रिंकना महायुद्धात कामी आलेल्यांची आठवण म्हणून ‘मेमोरियल’ म्हणतात. नवीला जो बँकवाला पैसे देईल त्याचे नाव. हुतात्म्यांनी देणगी दिली नव्हती, त्यांनी फक्त जीव दिला होता.

अशा वेळी सल्लागार नेमतात. दुरुस्तीच्या खर्चाला नव्या इमारतीच्या खर्चाने भागायचे, हे त्यांचे शास्त्र. चौथीतला भागाकार, पण चकचकीत अहवालात बांधून दिला की त्याला वजन येते. अहवाल स्वीकारला जातो, उपसमितीकडे जातो, निवडणूक येते, नवे सदस्य येतात. तोवर आकडे शिळे झालेले असतात आणि परिषदेपुढे नवा पेच उभा राहतो: जुना अहवाल दुरुस्त करावा की नवाच करून घ्यावा?

या पद्धतीत एकच अडचण आहे. सभेचे इतिवृत्त यंत्राला वाचता येत नाही.

ब्रिटिश कोलंबियातल्या फर्नी गावी कर्लिंग या खेळाच्या बर्फासाठी खारे पाणी थंड करणारे जुने यंत्र, म्हणजे चिलर, होते. बदला, असे कंत्राटदाराने काही वर्षे आधीच सुचवले होते. ते लांबत गेले. २०१७च्या वसंतात त्यातला विषारी अमोनिया खाऱ्या पाण्यात झिरपत असल्याचे दिसले. हंगाम संपला, चिलर बंद झाले. ऑक्टोबरात नवा हंगाम आला तेव्हा तेच गळके चिलर पुन्हा सुरू केले. १७ ऑक्टोबरला अमोनिया यंत्रघरात पसरला आणि तिघे कामगार मेले. आसपासची घरे रिकामी करावी लागली. चौकशीत निघाले काय, तर नळीच्या जोडाला पडलेले एक बारीक भोक. त्या तिघांपैकी कोणालाही साठीशांत की तेरावं या विषयावर मत विचारलेले नव्हते. गळती थांबवायला मात्र त्यांनाच आत जायचे होते.

तेव्हा आमचा फुकटचा सल्ला, अहवालाविना: येत्या उन्हाळ्यात बर्फ काढाल तेव्हा आधी चिलर बघा, गळत असेल तर त्याच उन्हाळ्यात फेका. नाव कोणाचे, तलाव किती लांब, योगाला कुठली खोली, हे पुढच्या सभेत घ्या. त्याच्या पुढच्या सभेतही चालेल. कॉफी आहेच.