विघ्नहर्त्यासमोर राखीव खेळाडू

इंदूरच्या बडा गणपतीची मूर्ती पंचवीस फुटांची. देव एवढा उंच म्हटल्यावर भक्त मागायलाही मागेपुढे पाहत नाहीत: परीक्षा, नोकरी, मुलीला स्थळ. पंचाईत होते ती फक्त राखीव खेळाडूची. त्याच्या वाटेतलं विघ्न हाडामांसाचं असतं, ठणठणीत असतं, रोज सकाळी पोहे-जिलेबी पचवतं आणि वर फॉर्मातही असतं. ते दूर व्हायचं तर कुणाचा तरी गुडघा सुजायला हवा. आता हे विघ्नहर्त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं?

चंद्रकांत पंडितांच्या वाटेत किरण मोरे होते. दोघेही यष्टिरक्षक, पण मोरे ४९ कसोटी खेळले आणि पंडित ५. १९८६ साली लीड्सला पंडितांना पहिली कसोटी मिळाली, तीही निव्वळ फलंदाज म्हणून, यष्टींमागे मोरेच. १९८७च्या विश्वचषकात मात्र ऐन उपांत्य फेरीच्या वेळी वेंगसरकरांचं पोट बिघडलं. पंडित वानखेडेवर उतरले, २४ धावा केल्या, भारत हरला. पोट दुसऱ्याचं, कळ आपल्याला!

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये राखीव इनफिल्डर नावाची जमात याच आशेवर जगते. दुसरा बेस, तिसरा बेस, शॉर्टस्टॉप. जिथे कुणी लंगडेल तिथे हा उभा. न्यूयॉर्क यांकीजच्या पहिल्या बेसवर मात्र १९२५ ते १९३९ लू गेरिग होता, आणि तो सलग २१३० सामने खेळला. त्याच्या बदल्यात उतरू पाहणाऱ्याला कुठला गणपती पावणार?

इंदूरच्या रजत पाटीदारला पावला. २०२२च्या आयपीएल लिलावात त्याला कुणीच घेतलं नाही. घरच्यांनी शहाणपणानं ९ मेला लग्न ठरवलं. तेवढ्यात बंगळुरूच्या लवनीत सिसोदियाला दुखापत झाली आणि रजतला बोलावणं आलं. लग्न पुढे ढकललं. मग २५ मेला ईडन गार्डन्सवर लखनौविरुद्ध त्यानं ५४ चेंडूंत नाबाद ११२ कुटल्या. (सासरच्यांनी त्या दिवशी मुहूर्ताचा विषय काढला नसावा.)

पुढच्याच महिन्यात रणजी अंतिम सामना, चिन्नास्वामीवर, मध्य प्रदेश विरुद्ध मुंबई. याच मैदानावर १९९९ साली पंडितांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेशनं पहिल्या डावात आघाडी घेऊनही कर्नाटकाकडून अंतिम सामना गमावला होता. या खेपेला पंडित प्रशिक्षक, म्हणजे अधिकृतपणेच मैदानाबाहेर. आणि समोर कोण, तर त्यांचीच मुंबई. रजतनं १२२ केल्या, मध्य प्रदेशनं सहा गडी राखून पहिल्यांदा रणजी जिंकली आणि पोरांनी पंडितांना खांद्यावर घेतलं.

रजतचं लग्न तोवर राखीवच होतं.